उरलेलं औषध

कोपऱ्यातल्या, बेसिनला खेटून असलेल्या त्या खाटेला वॉर्डातल्या मावशी झपाटलेली खाट म्हणायच्या. तिथला माणूस बरा होत येई, उशीला टेकून बसे, घरून चष्मा मागवी, आणि मग एकाएकी हुडहुडी भरून तापाने फणफणे. आधी एक टॅक्सीवाला गेला, मागोमाग एक निवृत्त शिक्षिका. मावशी तिथली फरशी पुसायच्या त्याही तोंड फिरवून.

मोठ्या सिस्टरचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिचा विश्वास हात धुण्यावर. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून ती असा साबण फिरवी की बाकीच्या नर्सेस मागे कुजबुजत, "सिस्टरांच्या हातावरच्या रेषा पुसल्या जाणार एक दिवस!" धाकट्या भावाचं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने आपला शब्द खर्चून नेमकी तीच खाट मागून घेतली. बेसिन हाताशी असलं की येणारा प्रत्येक जण हात धुऊनच भावाला शिवेल, एवढंच तिच्या मनात होतं.

"अहो, सख्ख्या भावाला तिथे?" मावशी कळवळल्या.

"खाट लोखंडाची आहे, मावशी. लोखंड कुणाला झपाटत नाही."

भाऊ मजेत होता. "लहानपणी माझे कान घासायचीस, आता सगळ्या दवाखान्याचे हात घासतेस. सुटका नाही बुवा!" म्हणायचा. एका सकाळी त्याचे दात वाजू लागले.

डॉक्टरांनी आधी नेहमीचं अँटिबायोटिक दिलं, मग त्याहून जबर, मग सगळ्यांत जबर. ताप जागचा हलेना. सलाइनमधून औषध नुसतं पाण्यासारखं उतरत होतं.

तपासणीच्या खोलीत सिस्टरची जुनी मैत्रीण होती. जंतू वाढवायच्या काचेच्या ताटल्या सांभाळायची, म्हणून सगळे तिला ताटलीवाली म्हणत. तिने सिस्टरला बोलावून घेतलं आणि ताटली पुढे केली. आत जंतूंची दाट साय धरली होती. तिच्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या पांढऱ्या टिकल्या. औषध लागू पडलं की टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि चंद्राला पडतं तसं खळं पडतं. या ताटलीत खळी नव्हतीच. साय टिकल्यांना बिलगून उभी होती.

"टॅक्सीवाल्यात होता तोच हा. शिक्षिकाबाईंमध्येही हाच," ताटलीवाली म्हणाली. "गादी, पडदा, खाट, सगळीकडून नमुने घेतले गं. कुठेच सापडत नाही. पण आहे इथेच. आणि कुणीतरी याला तयार केलाय. एवढी औषधं पचवायची तर ती आधी थोडी थोडी चाखायला मिळावी लागतात."

"एकही चालत नाही?"

ताटलीवालीने कडेच्या टिकलीवर बोट ठेवलं. तिच्याभोवती नखाच्या चंद्राएवढं बारीक खळं होतं. "हे जुनं औषध. मूत्रपिंडांना जड. पण हेही याला चाखायला मिळालं, तर मग माझ्याकडे काही नाही."

सिस्टर वर आली. दुपार टळत होती, वॉर्ड पेंगुळलेला. भावाची बाटली संपत आली होती. तिने ती काढली आणि तळाशी उरलेलं औषध सवयीने बेसिनमध्ये उपडं केलं. कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर गळतं, चिकटतं. इतकी वर्षं ती असंच करत आली होती, आणि सगळ्या नर्सेसना तिनेच हे वळण लावलं होतं.

गुळगुळ... गुळुक.

"जेवलं," भाऊ डोळे मिटूनच म्हणाला.

"कोण?"

"तुझं बेसिन. तुम्ही पाजलंत की ढेकर देतं. मग नळ सोडलात की तोंडावर थेंब उडवतं माझ्या. लाडावलंय नुसतं."

सिस्टरच्या हातातली बाटली तशीच राहिली. तिने खिशातला टॉर्च काढून जाळीवर धरला. खाली नळीच्या भिंतींना काळपट, बुळबुळीत काहीतरी धरलं होतं, जिभेसारखं ओलं. प्रत्येक रोग्याच्या प्रत्येक औषधाचा घोट त्याला मिळाला होता. आणि दर वेळी याच्यावरच हात धुऊन, हे अंगावर उडालेलं घेऊन, ती भावाला कुरवाळत होती. उजेड पडताच आत एक बुडबुडा सावकाश वर आला आणि फुटला. तिला वाटलं, हे आपल्याला ओळखतंय.

"मावशी!" तिचा आवाज चिरकला. "खाट हलवा. आत्ताच्या आत्ता!"

भावाला पलीकडच्या विभागातल्या एकट्या खोलीत नेलं. नळीतल्या त्या बुळबुळीत थरात ताटलीवालीला तोच जंतू सापडला. प्लंबरने बेसिन उखडून नळीचं तोंड सिमेंटने बुजवलं. आपल्या वॉर्डात उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतणं सिस्टरने बंद केलं.

"म्हणजे झपाटलेलं होतंच की," मावशी पुटपुटल्या.

"होतं, मावशी. मीच पोसलं."

डॉक्टरांनी जुनं औषध सुरू केलं. भावाच्या पायांवर सूज चढली, लघवी कमी झाली, सिस्टरचा जीव टांगणीला लागला. पण ताप पायरी पायरीने उतरत गेला. एका सकाळी तो स्वतःच उशीला टेकून बसला.

"अक्का, घरून माझा चष्मा मागव गं. काही दिसत नाही नीट."

सिस्टरच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती हसली मात्र. "मागवते, राजा."

तेवढ्यात मागून आवाज आला. गुळगुळ... गुळुक.

ती वळली. लोटलेल्या दाराशेजारी, दार उघडं असलं की दिसूच नये अशा जागी, एक बेसिन होतं. तिथली नर्स जुन्या औषधाची बाटली उपडी धरून शेवटचा थेंब निथळायची वाट पाहत होती.

"थांब!"

नर्स दचकली. "काय झालं, सिस्टर? तुम्हीच तर शिकवलंत. एक थेंब इकडेतिकडे सांडायचा नाही."

सिस्टरच्या डोळ्यांपुढून दवाखान्याच्या सगळ्या खोल्या सरकल्या. प्रत्येकीत एक नळ, आणि प्रत्येक नळाखाली एक उघडं तोंड.

"अक्का," भाऊ हळूच म्हणाला, "इथलंही जेवतं का गं?"

तिने वाकून खाटेच्या चाकांचे ब्रेक सोडले आणि खाट दाराबाहेर ढकलायला लागली.

"अहो, पण कुठे नेताय?" नर्स मागे धावली.

"नळ नसेल तिथे."

लांबलचक व्हरांड्यात चाकं करकरत होती. दोन्ही बाजूंच्या दारांमागून, कुठे जवळ, कुठे लांब, काहीतरी समाधानाने घोट घेत होतं.