सेफ्टीची शिट्टी

ऐका ना, आधी एक सांगते, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हसवणार नाही तुम्हाला.

तर सेफ्टी म्हणजे एका घरचा जावई. एका भल्यामोठ्या गोदामात सेफ्टी ऑफिसर, म्हणून सासऱ्यांनी नावच पाडलं होतं. "अहो सेफ्टी, जरा तो बल्ब बदला." "अहो सेफ्टी, खुर्चीवर चढताय, हेल्मेट कुठाय?" आणि वर खो खो हसायचं. तोही हसायचा, पण आतून जळायचा बिचारा. शेजारच्या घरचा जावई आला की "या जावईबापू, बसा जावईबापू", ट्रेमधून कपबशी, वर नॅपकिन. आणि याला? कडेला पोचा आलेल्या स्टीलच्या पेल्यात चहा, तोही "ओट्यावर ठेवलाय, घ्या." एकदा, फक्त एकदा सासऱ्यांनी आपल्याला जावईबापू म्हणावं, एवढीच त्याची इच्छा. बायकोला सांगितली तर ती म्हणाली, "तू वेडा आहेस का रे?"

सासरे म्हणजे जन्मभर बस चालवलेला माणूस. बसला कधी ओरखडा नाही, याचा भयंकर अभिमान. निवृत्त झाले तरी त्यांची जुनी निळी गाडी होती आणि तिची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर. त्या किल्लीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "माझ्याआधी तिची आरती ओवाळतील हे."

गाडी उभी राहायची मागच्या अंगणातल्या काँक्रीटच्या गॅरेजमध्ये. ते गॅरेज इतकं जुनं की स्लॅबचे पोपडे पडायचे, आतली सळई गंजून फुगलेली, आणि पुढचा छज्जा एका अंगाला झुकलेला. एक दिवस पोपडा थेट गाडीच्या काचेवर पडला. सासरे म्हणाले, "बास, माणसं लावून पाडून टाकू."

आणि आपला सेफ्टी म्हणाला, "माणसं कशाला? मी आहे ना!"

झालं. संधी चालून आली होती. स्वतःच्या हातांनी, एकाही माणसाला खरचटू न देता ते गॅरेज उतरवायचं, की मग कोण सेफ्टी म्हणतंय बघू!

आणि त्याने तयारी काय केली म्हणता! गॅरेजची वीज तोडून घेतली. आतलं सगळं सामान हलवलं, गाडी रस्त्यावर लावली. स्लॅबखाली टेकू दिले. बाजूला लोखंडी घोडे लावून त्यावर फळ्या टाकल्या, म्हणजे स्लॅबवर उभं राहायलाच नको. आधी छप्पर, मग भिंती, त्याही वरून खाली, छोटे छोटे तुकडे करत. सगळं बरोबर होतं हो, पुस्तकात छापावं असं. अंगणभर पिवळी पट्टी बांधली. रविवारी सकाळी सगळ्यांना ओळीत उभं करून भाषण ठोकलं.

"एक लांब शिट्टी म्हणजे जिथे आहात तिथून मागे. दोन शिट्ट्या म्हणजे काम सुरू. शिट्टीशिवाय पट्टीच्या आत पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

"आणि मला बाथरूमला जायचं असेल तर किती शिट्ट्या?" हे सासरे.

सासूबाई हेल्मेट घालून सँडविच करत होत्या, त्यांना तर हसून हसून ठसका लागला.

काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवायला मेव्हणा. रोज व्यायामशाळेत जातो, दंड असे की शर्टाची बाही ओरडते, म्हणून घरात पैलवान. सेफ्टीने त्याला कानावर बसणारे मोठे डबे दिले, हेडफोनसारखे. सासऱ्यांकडे पाण्याचा पाइप, धूळ उडू नये म्हणून बाहेरून फवारा मारायचा. त्यांनाही डबे घालायला गेला, पण हेल्मेटखाली ते बसेनात.

"राहू द्या हो, मी बसच्या इंजिनशेजारी जन्म काढलाय," सासरे म्हणाले.

"नाही बाबा. कानांची सुरक्षा सक्तीची आहे."

मग त्याने फोमचे बोळे काढले. ते चोळून बारीक करून कानात घालायचे, की आत जाऊन फुगतात. अंगाच्याच रंगाचे. त्यांची टोकं हेल्मेटच्या पट्ट्याला लागून टोचत होती, एक बोळा तर सारखा निसटत होता. सेफ्टीने काय करावं? कात्री आणली, टोकं कापली आणि बोटाने बोळे आत चांगले दाबून बसवले. "हे बघा! आता दिसतसुद्धा नाहीत." कापलेली टोकं अंगणात टाकायची नाहीत म्हणून स्वतःच्या खिशात ठेवली.

स्वतः मात्र काही घातलं नाही. का, तर "मला सगळं ऐकू यायला हवं."

आलं का लक्षात? तुमच्या आलं. त्याच्या नाही आलं! गोदामात शेकडो माणसांना शिकवणारा हा माणूस, याने सगळ्यांचे कान स्वतःच्या हाताने बुजवले आणि गळ्यात शिट्टी अडकवून उभा राहिला.

पहिला अर्धा दिवस झकास गेला. कारण पैलवान थांबला की मगच सगळे हलायचे. सेफ्टीला वाटायचं, माझ्या शिट्टीवर चाललंय. मागच्या अंगाचा स्लॅब बराचसा उतरला. सासरे एकदा अंगठा वर करून हसले, तेव्हा तर याची छाती फुगून शर्टाचं बटण तुटायचं बाकी.

आणि मग पाइपला पीळ पडला. पाणी बंद. सासऱ्यांनी पाहिलं, पीळ पट्टीच्या आत होता, बरोबर छज्ज्याखाली. त्यांनी पट्टी उचलली आणि वाकून आत गेले. पैलवानाची त्यांच्याकडे पाठ. आणि सेफ्टीला दिसलं की छज्ज्याच्या मुळाशी भेग सरकतेय.

त्याने शिट्टी वाजवली. लांब. सासरे पीळ सोडवतायत. पुन्हा वाजवली. ब्रेकर धडधडतोय. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, तो वाजवतोय, वाजवतोय, वाजवतोय. सासरे त्याच्यापासून चार पावलांवर होते हो! धावत जाऊन ओढलं असतं तर झालं असतं. पण याचे पाय जागेवरून हललेच नाहीत. नियमात शिट्टी होती ना.

छज्जा आला खाली. सासऱ्यांना शेवटच्या क्षणी सावली दिसली असावी, त्यांनी अंग बाजूला झोकलं. तुकडा पाइपवर आदळला, पाइप चपटा. सासरे मनगटावर पडले आणि हेल्मेट गडगडत कुंडीपाशी गेलं. जीव वाचला. मनगट मात्र नको तिथून वाकलं होतं.

आणि सेफ्टी काय बोलला माहितीये? घाबरला होता, मान्य. पण बोलला काय, तर सगळ्यांसमोर, पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर ओरडला: "शिट्टी ऐकू आली नाही का? ठार बहिरे आहात का तुम्ही?"

सासऱ्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे. "काय म्हणतायत ते?"

सासूबाईंनी पैलवानाकडे पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट तपासलं, काहीतरी विचारलं. सासरे बघत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, मोठ्याने.

"यांना कमी ऐकू येतं का? कधीपासून?"

सासूबाईंचा तर बांधच फुटला. "टीव्हीचा आवाज वाढवतात सारखा. परवा मी दोनदा हाक मारली, ओ दिली नाही. मला वाटायचं मुद्दाम करतात!"

"मलाही वाटायचं," पैलवान म्हणाला. "दाजींनी एवढी शिट्टी मारली म्हणे, शेजारच्या गल्लीतले लोक बाहेर आले असतील."

"उद्या कानाच्या डॉक्टरांना दाखवा," डॉक्टर म्हणाले.

सेफ्टी बाहेर बाकावर बसला होता. रुमाल काढायला खिशात हात घातला आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. फोमची कापलेली टोकं.

बोळे अजून सासऱ्यांच्या कानातच होते! तो उठला. आत जाऊन सांगायचं, एवढंच तर होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि बायकोने त्याचा हात हातात घेतला. "बरं झालं तू होतास. तू तरी सगळं नीट केलंस." सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमची शिट्टी होती म्हणून, नाहीतर आज काय झालं असतं."

तो बसला परत. टोकं खिशातच राहिली.

संध्याकाळी घरी आले. हाताला प्लास्टर, सासरे खुर्चीत. सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतायत, अगदी कानाशी तोंड नेऊन. "पाणी! पाणी! हवंय का?" आणि ते मान हलवतायत, शहाण्या मुलासारखी. पैलवान दाराशी गेला, खिळ्यावरची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"रस्त्यावर हॉर्न ऐकू आला नाही तर?" तो आईला हळूच म्हणाला.

सासऱ्यांना ऐकू आलं नव्हतं, पण दिसलं. ते रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले. भांडले नाहीत. एरवी त्या किल्लीसाठी घर डोक्यावर घेणारा माणूस, त्याने नुसती चांगल्या हाताने लुंगी नीट केली आणि मान खाली घातली.

आणि सेफ्टी ते बघत उभा होता. अजूनही एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण याच्या डोक्यात काय चाललेलं? उद्या कानाचा डॉक्टर आत बघणार. बघितलं की सापडणार. त्याच्याआधी काढायला हवेत. गुपचूप.

आधी ओला टॉवेल घेऊन गेला. "बाबा, धूळ बसलीय, पुसतो." कानाजवळ टॉवेल नेला तर सासऱ्यांनी हातावर चापट मारली. "तान्हं बाळ आहे का मी!"

मग ते खुर्चीतच पेंगले. सगळे स्वयंपाकघरात. याने बायकोच्या पर्समधून भुवयांचा चिमटा आणला. चवड्यांवर चालत गेला. सासऱ्यांच्या कानाशी वाकला, जीभ बाहेर, श्वास रोखलेला, चिमटा आत. पकडलं! ओढलं! बोळा अर्धा बाहेर आला आणि...

"हे काय करतोयस?"

दारात बायको. तिच्यामागे सासूबाई, हातात झारा. पैलवान.

बोळा सुटून आला, चिमट्याच्या टोकाला. सासरे दचकून जागे.

"कचरा होता," सेफ्टी म्हणाला. "सिमेंटचा... म्हणजे धुळीचा..."

सासऱ्यांनी डाव्या हाताने चिमट्यातून तो बोळा घेतला. दाबला. तो हळूहळू फुगला. त्यांनी डोकं जरा तिरकं केलं. आत कुकर शिट्ट्या देत होता.

"हे तुम्हीच घातलेले बोळे ना?" ते म्हणाले. "मला वाटलं, हेल्मेटबरोबर पडले."

सेफ्टीने मान डोलावली.

"मग दुसऱ्या कानातलाही काढा की. आता कुणापासून लपवायचंय?"

सेफ्टीने काढला. चिमटा टोचला, पण सासऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. आणि मग याला राहवलं नाही. "मला दवाखान्यातच कळलं होतं, बाबा," तो म्हणाला. "बाकावर बसल्या बसल्या. मी बोललो नाही."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती वळली आणि आत गेली, कुकर बंद करायला. सासूबाई झारा हातात धरून तशाच. पैलवानाने खिशात हात घातला, किल्ली काढली आणि वडिलांच्या मांडीवर ठेवली. सासऱ्यांनी ती मुठीत घेतली, पण खिळ्याला परत लावली नाही. मुठीतच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सेफ्टीने गोदामात रजा टाकली आणि सकाळपासून अंगणातला राडारोडा एकट्याने घमेल्यात भरत बसला. उरलेलं गॅरेज पाडायला माणसं येणार होती, सासऱ्यांनी फोन करून सांगितलं होतं. कालच्या गडबडीत गळ्यातली शिट्टी कुंडीत पडली होती, ती त्याने उचलली नाही.

थोड्या वेळाने सासरे दारात आले. प्लास्टरचा हात गळ्यात.

तो उभा राहिला. वाट बघत होता तो, खरं सांगते. "अहो सेफ्टी, अंगठा सांभाळा, हेल्मेट कुठाय तुमचं?" असं काहीतरी. काहीही. एकदा हसले असते तरी चाललं असतं.

"या, जावईबापू," सासरे म्हणाले. "हात धुऊन घ्या. चहा झालाय."

आत टेबलावर ट्रे होता. त्यात कपबशी, आणि वर घडी घातलेला नॅपकिन. बाकी सगळ्यांचे स्टीलचे पेले ओट्यावर होते, तो पोचा आलेलाही. पालथा घातलेला.

त्याने कपबशी उचलली. बशी इतकी वाजत होती की त्याला ती दोन्ही हातांनी धरावी लागली, आणि त्या घरात त्या वेळी तेवढाच आवाज होता, सगळ्यांना नीट ऐकू येणारा.