आतोबांची मोरपंखी

सिल्वीआत्याला आयुष्यात एकच झाड बर्फानं लगडलेलं बघायचं होतं, आणि बाई जन्मभर राहिली फिनलंडमध्ये. समुद्राकाठी राहून मीठ मिळू नये, तसलाच हा प्रकार. पण ते झाड माझ्या आतोबांचं होतं आणि सगळी गोम तिथेच होती.

ओइवा आतोबांची सगळी नोकरी आमच्या गावच्या वृक्षोद्यानात गेली. त्यांची मुलगी मार्केत्ता जन्मली त्या वर्षी त्यांनी तळ्याकडच्या उतारावर एक मोरपंखी लावली. मोरपंखी दिसायला देखणी, पण अंगानं नाजूक. बर्फ साचला की फांद्या वाकतात, आणखी साचला की बुंध्यापासून फाटतात. म्हणून रात्रभर बर्फ पडला की आतोबा अंधारातच उठून जायचे आणि टोकाला चिंधी गुंडाळलेल्या लांब काठीनं एकेक फांदी खालून हळूच ठोकून मोकळी करायचे. आत्या आवरून, कॉफी घेऊन पोचेपर्यंत उद्यानातली बाकी झाडं नखशिखान्त पांढरी झालेली असायची आणि आतोबांची मोरपंखी हिरवीगार.

"लग्नाला सगळ्या नटूनथटून आल्या आणि माझीच तेवढी घरच्या कपड्यांत," असं आत्या दर हिवाळ्यात म्हणायची. आतोबा नुसतेच कॉफी प्यायचे. माणूस कमी बोलतो म्हणून त्याच्यात काही खोट आहे, असं आमच्याकडे कुणी समजत नाही.

आतोबा गेले त्यानंतरचे सगळे हिवाळे ओले गेले. पडला बर्फ की वितळला. इकडे आत्याचे गुडघे पार कामातून गेले आणि अखेर तिनं मार्केत्ताकडे, स्पेनला, कायमचं जायचं ठरवलं. मंगळवारचं विमान होतं. आणि निघायच्या नेमक्या आधीच्या आठवड्यात आकाश फाटल्यासारखा बर्फ पडला. वारा अगदी पडलेला, थंडी कडक, त्यामुळे जो कण जिथे बसला तो तिथेच चिकटला. असा हिवाळा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. आत्याचा लगेच फोन आला.

"तुइरे, शनिवारी कॅमेरा घेऊन ये. एकदा तरी तिला नटलेली बघते, फोटो घेते आणि मग जाते त्या उन्हात भाजून घ्यायला."

मी काउकोला फोन केला. काउको हा आतोबांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, आता उद्यान तोच सांभाळतो. मी म्हटलं, सिल्वी शनिवारी येतेय, ओइवाचं झाड बघायला. तो "हं" म्हणाला आणि फोन ठेवला. आम्हा दोघांच्या मानानं हे बरंच लांबलेलं संभाषण होतं, आणि त्यात काही सांगायचं राहून गेलंय असं मला बिलकूल वाटलं नाही.

शनिवारी उणे अठरा होतं. आत्या तिच्या घसरगाडीवर उभी राहिली. एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्यानं रेटा द्यायचा, असली ती गाडी. गुडघ्यांचं रडगाणं गाणारी ही बाई त्या गाडीवर अशी सुटते की मला मागून धावावं लागतं. गाडीच्या बैठकीवर कॉफीचा थर्मास आणि वेलचीचे पाव होते, आणि ते माझ्या कॅमेऱ्यापेक्षा काळजीनं बांधलेले होते.

फाटकातून आत शिरलो आणि मी कॅमेरा बाहेर काढला. ऐटदार स्प्रूसची झाडं बर्फाखाली आपली ठेवण विसरून गेली होती. कुणाला कुबड आलं होतं, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकली होती. बर्चची कोवळी झाडं कमानीसारखी वाकून शेंड्यानं जमिनीला टेकली होती. सूर्य तळ्यापलीकडे जेमतेम वर आलेला, त्यामुळे सगळ्या पांढऱ्यावर फिकट गुलाबी झाक होती आणि सावल्या निळ्या होत्या. बर्फ पांढरा असतो असं म्हणणाऱ्याला मी त्या सकाळी तिथे नेऊन उभं केलं असतं. एक ससा रात्री पायवाट ओलांडून गेला होता आणि मध्येच थांबून त्यानं काहीतरी विचार केल्याचं त्याच्या ठशांवरून दिसत होतं. बुलफिंच पाखरांची एक जोडी रोवनच्या झाडावर उरल्यासुरल्या फळांवर बसली होती. नराची लाल छाती लेन्समध्ये आली, तेव्हा मी बटण दाबायचंच विसरले. इतकी वर्षं मी हेच काम करते, लोकांना हिवाळ्यात रानात फिरवते, तरी दर वेळी माझी ही अशी गत होते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मी जागोजागी थांबत होते आणि आत्याचा जीव वरखाली होत होता. थंडीत बॅटरी पटकन मरते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या मी स्वेटरच्या आत पोटाशी धरल्या होत्या. तरी तिचा एकच धोशा, की असल्या सटरफटर झाडांवर सगळं उधळू नकोस.

"अगं, ही लार्च दीडशे वर्षांची आहे," मी म्हटलं.

"असू दे. तिच्यासाठी आलोय का आपण?"

तळ्याकडच्या वळणावर पोचलो, तर पायवाट साफ केलेली दिसली. कडेला बर्फ नीट रचलेला, घसरगाडी सहज जाईल एवढी रुंदी. इथेच मला शंका यायला हवी होती. उलट काउकोचं मला कौतुक वाटलं.

वळण घेतलं आणि समोर सगळ्या पांढऱ्या उतारावर एकच झाड हिरवंगार उभं होतं. शेजारी काउको, हातात ती लांब काठी. खाली बर्फाचे ढीग पडले होते.

माझं डोकंच फिरलं. मी त्याला विचारलं की हे काय करून ठेवलंस, आणि हे विचारताना माझा आवाज बराच वर गेला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. एवढ्या थंडीत माणूस उगाच टोपी काढत नाही.

"फांद्या फाटायला आल्या होत्या. सिल्वी येणार म्हणून पहाटेच आलो," तो म्हणाला. मग टोपी पुन्हा घातली. "ओइवानं सांगितलं होतं, हिला मोडू द्यायची नाही."

आता ओरडायचं कुणावर? तोंडानं एक शब्द जास्त सांडला असता तर आम्हा दोघांपैकी कुणाचं काय जाणार होतं? पण मदत करायची ती न सांगता, आणि मागायची ती अर्ध्या वाक्यात, ही आमची सगळ्यांचीच रीत. मला रडू यायला लागलं. मंगळवारी आत्या जाणार होती आणि असा बर्फ तिला पुन्हा दिसणार नव्हता.

गाडी सोडून आत्या हळूहळू झाडाभोवती फिरली. काउकोच्या बुटांचे खोल ठसे बुंध्याभोवती गोल गेले होते, ती त्यांच्यातच पाय टाकत चालली होती. मागच्या बाजूला जाऊन थांबली. तिथे खालची एक रुंद फांदी राहून गेली होती. आम्ही आलेलं पाहून काउकोचं काम अर्धवट राहिलं असणार. फांदी बर्फाच्या ओझ्यानं जमिनीपर्यंत झुकली होती, आणि सूर्याचा तिरपा उजेड नेमका तिच्यावर पडला होता.

आत्यानं ती डोळे भरून पाहिली. मी कॅमेरा वर केला, फोटो घेतला. सुंदर होता. तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"काउको, काठी दे," ती म्हणाली.

त्यानं दिली. ओइवा आतोबांचीच काठी होती ती, फक्त चिंधी नवी होती. आत्यानं आयुष्यात ती कधी हातात धरली नव्हती. काउको खालून ठोक, हळू ठोक, एवढंच म्हणाला. तिनं फांदीखाली काठी घातली आणि हलकेच एक ठोका दिला.

बर्फ धपकन सुटला आणि फांदी एकदम वर उसळली, जोरात, हिरवी, थरथरत. उडालेली भुकटी आत्याच्या टोपीवर, भुवयांवर, उघड्या तोंडात गेली. माझं बोट आपोआप दाबलं गेलं. मार्केत्ताच्या घरी भिंतीवर आज हाच फोटो आहे. नटलेल्या फांदीचा माझ्याकडे पडून आहे, तो आत्यानं मागितलाच नाही.

फांदी हलायची थांबेपर्यंत आत्या तशीच बघत राहिली. चेहरा ओला होता, बर्फानं की कशानं ते मी विचारलं नाही.

"आत्ता कळलं," ती म्हणाली, "मला अंथरुणात एकटीला टाकून हा बाबा रोज पहाटे कशासाठी पळत होता."