तीन मणांचा गोटा

शिनोलीच्या मारुतीपुढचा गोटा पक्का तीन मणांचा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. आणि तो खांद्यावर घेऊन देवळाला पुरा एक फेरा मारणारा माणूस आजवर एकच झाला, तो सोमाजी. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली, हनुमान जयंतीच्या यात्रेत, उभ्या पंचक्रोशीच्या डोळ्यांदेखत त्याने तो फेरा मारला. त्याला आता बत्तीस वर्षं होऊन गेली होती, पण गावाच्या तोंडून अजून कालचीच गोष्ट असल्यासारखी निघायची.

त्या दिवसापासून गोट्यालाही देवपण आलं. फेरा पुरा करील त्याला यात्रेचा मानाचा नारळ, आणि दुसरा कोणी फेरा करेपर्यंत दर यात्रेला तो नारळ आणि दर शनिवारी मारुतीला आणि गोट्याला तेल-शेंदूर लावायचा मानही त्याचाच, अशी रीत पडली. सोमाजीने एक शनिवार म्हणून चुकवला नाही. प्लेगात गाव रानात झोपड्या बांधून राहिलं, तेव्हासुद्धा हा पठ्ठ्या शेंदराची वाटी घेऊन ओसाड गावात एकटा यायचा, गोट्याला चोळून चोळून शेंदूर लावायचा आणि परत जायचा.

म्हातारा मनाने चांगला, पण तोंडाने भलता फटकळ. यात्रेत तरणी पोरं गोट्याला भिडायची, पोटापर्यंत आणून टाकून द्यायची, की हा पारावरून ओरडायचा, "आरं, दूध पिता का नुसतं ताक? आमच्या येळंला असली बारकी पोरं गोट्याजवळ फिरकत बी न्हवती!" लोक खो खो हसायचे. त्याची बायको प्रयागबाई तेवढी म्हणायची, "बास करा की आता! बत्तीस वर्सं त्येच दळण दळताय."

यंदा यात्रेच्या दोन दिवस आधी सकाळीच निरगुडसरचा चांगदेव सोमाजीच्या ओट्यावर येऊन बसला. पंचविशीतला, शेतात राबून घट्ट झालेला, बोलायला मात्र मोठा लाजाळू. मागची दोन वर्षं गोटा छातीपर्यंत आणून हरला होता. त्याने सोमाजीच्या पायावर डोकं ठेवलं.

"आजा, एक इचारू? गोटा छातीवर येतो, पण खांद्यावर चढवायला गेलं की हातातनं निसटतो. तुमी हात कुठं घातला व्हता?"

आता असा प्रश्न विचारल्यावर म्हातारा फुलणार नाही तर काय! "त्यात काय रं? खालच्या अंगाला एक खोबण हाय. डावा पंजा तिच्यात गच्च बसतो. एवढं बी ठावं न्हाई व्हय? चल, दावतो."

दोघं देवळापुढं आले. चांगदेवने गोटा जोर लावून कलता केला आणि सोमाजीने खाली हात घातला. खोबण लागली नाही. दुसऱ्या अंगाने चाचपलं, तिकडेही नाही. सगळा गोटा कसा गुळगुळीत. त्याने अंगठ्याचं नख शेंदरात रोवलं, जोर लावला, पार पेरापर्यंत रुतवलं, तरी दगड काही लागेना.

खोबण कुठे गेली ते म्हाताऱ्याला कळलं. बत्तीस वर्षांचे शनिवार तिच्यात बसले होते. त्याच्याच हाताने तिथे चोळलेले.

"काय झालं आजा?" चांगदेवने विचारलं.

"काय न्हाई," सोमाजी म्हणाला. "आठवंना आता. वय झालं माजं."

चांगदेव बिचारा परत एकदा पाया पडला आणि गेला. सोमाजीला त्या दिवशी भाकर गोड लागेना. देवाचा शेंदूर खरवडायचा नसतो, तेव्हा खरवडायची सोय नाही. आणि बोलावं, तर इतकी वर्षं पोरांची केलेली टिंगल, तो नारळ, ते नाव, सगळंच उघडं पडणार. खोटं कशाला सांगा, चांगदेवला यंदाही जमू नये, असंच त्याला मनातून वाटलं. आणि असं वाटलं म्हणून स्वतःची शरमही वाटली.

यात्रेच्या दिवशी देवळापुढं मुंगीला शिरायला वाट नव्हती. पाच जण गोट्याशी झटून घामाघूम होऊन गेले. एरवी पारावरून तोंडाचा पट्टा चालायचा, तो आज गप्प होता. मग चांगदेव पुढं आला. मारुतीला हात जोडले, खाली बसला, गोट्याला मिठी मारली.

गोटा मांडीवर आला, मांडीवरून छातीवर. इथेच निसटायचा. चांगदेवने दातओठ खाल्ले, बोटं गुळगुळीत शेंदरावर पांढरी पडली, धरायला कुठे काही नसताना नुसत्या दंडाच्या जोरावर त्याने गोटा दाबून धरला, आणि एक हिसका दिला. गोटा खांद्यावर! गर्दीतून "आगं आई!" असा आवाज उठला. सोमाजी पारावरून कधी उठून उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

फेरा साठ पावलांचा. सोमाजी मोजू लागला. वीस पावलं. तीस. पोराच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. चाळीस. त्या गर्दीत ते ओझं अंगाने ओळखणारा म्हातारा एकटाच होता. आणि हे ओझं त्याच्या ओळखीचं नव्हतं. जमू नये म्हणणारा तो, आता पुटपुटत होता, "चल रं माज्या राजा, चल, चल." पन्नास. एक्कावन्न. आणि चांगदेवचा गुडघा टेकला, गोटा धप्पकन मातीत बसला.

गर्दी हळहळली. गेणभाऊ पाटलांनी चांगदेवच्या पाठीवर थाप मारली. "लई मोठं काम केलंस गड्या! पण नऊ पावलं ऱ्हायलीच. फेरा म्हंजी फेरा. सोमाजी त्यो सोमाजीच!" लोकांनी आरोळी ठोकली आणि पाटलांनी नारळ नेहमीप्रमाणे म्हाताऱ्याच्या हातात दिला.

सोमाजी नारळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाटील, गोटा काट्यावर घाला."

लोकांना वाटलं, म्हातारा चळला. घोडेगावच्या पेठेतला गुलाबचंद हिरड्याची पोती तोलायला मोठा काटा घेऊन चावडीजवळच बसला होता. त्याला राग आला. "सोमाजीभाऊ, हा गोटा माझ्या वडलांनी, पारसमलजींनी तुम्ही फेरा मारलात त्याच साली याच काट्यावर तोललाय. पक्के तीन मण. त्यांचा काटा खोटा म्हणायचाय का तुम्हाला?"

"तुज्या बापाचा काटा खराच हाय, गुलाबचंद. म्हनून तर म्हंतो."

चार गड्यांनी गोटा पारड्यात घातला. दुसऱ्या पारड्यात तीन मणांची मापं पडली. पारडं जागचं हललं नाही. गुलाबचंदच्या कपाळाला आठी पडली. त्याने दहा शेर टाकले. वीस केले. आणखी दोन टाकले, तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

"तीन मण बावीस शेर," गुलाबचंद हळूच म्हणाला.

"ह्ये बावीस शेर माजे," सोमाजी म्हणाला. "शनवारचा शनवार मी चढवलेत. मी उचलला त्यो उघडा दगुड, अन् हात घालाय खोबण व्हती. ती बी मीच बुजवली. परवा मला कळलं, अन् ह्या पोराला मी सांगितलं न्हाई. त्यानं खोबणीबिगर उचलला, अन् माजी बत्तीस वर्सं वर घिऊन उचलला."

चांगदेव धापा टाकत मातीतच बसला होता. खांदा, मान, गाल सगळं शेंदराने लाल. सोमाजी त्याच्याजवळ गेला, खाली बसला आणि नारळ त्याच्या मांडीवर ठेवला.

"न्हाई आजा," चांगदेव घाबरून म्हणाला, "साठ पावलं तुमीच चाललाय. मी न्हाई."

"आमच्या येळंला..." सोमाजीने सुरुवात केली, आणि सवयीने चार जण हसलेही. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "आमच्या येळंला असला गडी न्हवता रं."

मग कोणी हसलं नाही. गेणभाऊ पाटलांनी रिवाजाचं काही काढलं, पण सोमाजीने शनिवारचा शेंदूरही चांगदेवलाच सोपवला. साठ पावलं मोठी की बावीस शेर, यावर शिनोलीत दोन तट पडले ते पडलेच.

पुढच्या शनिवारी चांगदेव निरगुडसरहून भल्या पहाटे निघून शेंदराची वाटी घेऊन देवळापुढं हजर झाला. मारुतीला शेंदूर लावला, मग गोट्याकडे वळला आणि मोठ्या भक्तीने पंजा भरून शेंदूर घेतला. पारावरून म्हातारा ओरडला.

"आरं ये, हळू! नुसतं बोट टेकव बोट. पुढला कुनीतरी यायचाय."