यंत्राला वारा, समईला आडोसा

नवरात्रात आमच्या खोलीतला पंखा बंद असतो. घट बसला की कोपऱ्यातल्या समईची ज्योत दसऱ्यापर्यंत विझू द्यायची नाही, हा सासूबाईंपासून चालत आलेला नेम. आश्विनातलं ऊन चेंदणी कोळीवाड्याच्या पत्र्यांवर बसून राहतं, ओहोटी लागली की खाडीच्या चिखलातून वाफ येते. आम्ही घामाने निथळत असतो, आणि ज्योत मात्र फोटोला उभ्या केलेल्या लहान मुलीसारखी सरळ, न हलता उभी.

नव्याण्णव साली त्याच खोलीत कॉम्प्युटर आला. आमचे हे लग्नाच्या व्हिडिओ काढतात. यंत्र त्यांच्या मित्राचं, कल्याणच्या बॉस्कोचं. दसऱ्यापर्यंत वापर म्हणून त्याने दिलं होतं. दसऱ्यानंतर त्याला ते परत हवं होतं, आतली सगळी जागा रिकामी करून, कारण पुढे लग्नसराई.

आणि त्या यंत्रात गोमाजीभाऊ होते.

गोमाजीभाऊ म्हणजे शेजारच्या मनुवैनींचे मालक. दोन पावसाळ्यांपूर्वी काविळीने गेले. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी त्यांची समजूत, म्हणून घरात त्यांचा एक फोटो नाही. फक्त लेकीच्या लग्नात, वरातीच्या गर्दीत, ह्यांच्या कॅमेऱ्याने त्यांना गाठलं होतं. मनुवैनींनी ती कॅसेट पत्र्याच्या पेटीत जपली, आणि पेटीतच तिला बुरशी लागली. यंत्रात उतरवून घेताना ती शेवटची एकदा चालली, आणि तुटली.

"सरू, मना त्याचा तोंड आठवत नाय गो," मनुवैनी मला म्हणाल्या होत्या. "पाठ आठवते. जाळा खांद्याव टाकून जाताना पाठ दिसं, ती आठवते. तोंड कुठं गेला?"

आता त्या उतरवलेल्या चित्राची सीडी करायची होती. हे सांगत, सीडीत बसेल असं करायला यंत्राला सबंध दिवस दळण दळावं लागतं. पडद्यावर एक निळी पट्टी असते, ती भरतीच्या पाण्यासारखी हळूहळू पुढे सरकते. काठाला लागली की काम झालं.

अष्टमीला पट्टी निम्मीही भरली नव्हती, तोच चित्र थिजलं. डब्याला हात लावला तर तवा.

हे नाक्यावरच्या फोनवरून बॉस्कोशी बोलून आले. येताच डबा उघडला. आत एक बारका पंखा, आणि त्याच्याखाली ॲल्युमिनियमचा कंगवा. सगळं डोकं तिथेच चालतं आणि तिथेच तापतं, म्हणाले. कंगव्याच्या दातांत काळी लोकर बसलेली. धुळीची, आणि माझ्या उदबत्तीची.

"तुझ्या देवीने ह्याचं नाक बंद केलंय बघ," हे म्हणाले.

मी रंगाचा जुना कुंचला आणून दिला. त्यांनी एकेक दात साफ केला, डबा भिंतीपासून पुढे ओढून विटांवर ठेवला, बाजूचा पत्रा काढूनच ठेवला. पुन्हा सुरू केलं. थोडं पुढे गेलं, आणि पुन्हा थिजलं.

"बॉस्को म्हणतो, बाहेरचा वारा पाहिजे. टेबलफॅन समोर लावून मार." हे समईकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "नाय तर दसरा झाला की तो पुसून टाकणार सगळं."

खोली एकच. ओट्यावर न्यावं तर खाडीचा खारा वारा यंत्राला बाधतो. समईवर कंदिलाची काच घालून पाहिली, रुंद तोंडावर ती बसेना. घट तर जागचा हलवायचाच नाही. मी माळ हातात धरून बसले, पण मणी पुढे सरकेना.

नवमीला सकाळी मनुवैनी बाजारातूनच आल्या. नवमी असली तरी त्यांचा धंदा चुकत नाही. डोक्यावर पाटी, हातात थर्माकोलची पेटी. आल्या आल्या ह्यांना म्हणाल्या,

"धाकू, गरम झालाय ना तुझा डबा? मग बर्फ लाव. सुरमई दोन दिवस टिकते बर्फात, ह्या काय चीज हाय!"

"वैनी, मासा नाय तो!"

"मासा नाय, पण नासतोय तर माशासारखाच!"

हे हसले, आणि कंटाळलेला माणूस काहीही ऐकतो, तसं ऐकलं. परातीत बर्फ घालून डब्याच्या पोटाशी ठेवला. पट्टी सुरेख चालली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत बसलो. मग मी बघितलं, पत्र्याला घाम फुटला होता. माठाला फुटतो तसा, थेंब थेंब. हे ओरडले आणि त्यांनी बटणच बंद केलं. पाणी आत गेलं असतं तर गोमाजीभाऊ दुसऱ्यांदा गेले असते.

हे फडक्याने डबा टिपत बसले. मनुवैनी परात घेऊन उंबऱ्यात बसून राहिल्या. तोंड खाडीकडे.

"फोटो नाय काढला तरी गेलाच ना," त्या खाडीला म्हणाल्या. "एक काढून दिला असता तर काय बिघडला असता?"

मी उठले. टेबलफॅन माळ्यावरून काढला, पुसला आणि डब्याच्या उघड्या कुशीसमोर ठेवला.

"अगं, आणि दिवा?" हे म्हणाले.

"दिव्यापाशी मी बसते. वैनी, तुमची पाटी द्या."

मनुवैनी दचकल्या. "खुळी हायस? म्हावऱ्याची पाटी देवीफुडं? नवरात्रात? वास बघ तिचा!"

"आईला वास नवा आहे का? ती आपलीच ना, कोळ्यांची?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मोरीत जाऊन पाटी खसाखसा घासली, उन्हात धरली, आणि दोन्ही हातांनी आणून समईच्या एका बाजूला उभी केली. दुसऱ्या बाजूला आमची तांदळाची पाटी. मध्ये मी, पदर पसरून.

ह्यांनी पंखा लावला.

नऊ दिवसांत त्या खोलीत वारा आला नव्हता. कॅलेंडर फडफडलं. घटाचे कोवळे पिवळे अंकुर एकदा माना वळवून पुन्हा उभे राहिले. ज्योत वाकली, पाटीच्या वेताआड गेली, आणि हळूच सरळ झाली.

मी जप सुरू केला. मागे यंत्र घुं घुं करत होतं, पंखा त्याला साथ देत होता. वेतातून निसटलेला वारा माझ्या मानेवर येई, आणि त्याला खारा, ओला, माशांचा वास. डोळे मिटत होते की नाही, मला सांगता येणार नाही. तो घुं घुं आवाज बोटीचा झाला. निळं पाणी खाडीतून वर चढत होतं, चिखल झाकत, खुंट झाकत. पाण्यावर एक बोट, आणि तिच्यात कोणीतरी पाठमोरं उभं. मी म्हटलं, भाऊ, काठाला लागेपर्यंत बसून राहा, उभे राहू नका, वारा आहे. माझ्या ओठांवर देवीचंच नाव होतं, तरी ते त्यांना ऐकू गेलं असावं.

"सरू," मनुवैनींनी माझा खांदा हलवला. "लागला. काठाला लागला."

बाहेर ऊन उतरलं होतं. पट्टी पूर्ण भरलेली. समई तेवत होती. ह्यांनी सीडी भरून घेतली, ती लावली, आणि आम्ही पडद्यासमोर बसलो.

वरात. बेंजो. बायकांचे हिरवे चुडे. मग गर्दीत एक पाठ, रुमाल उडवत नाचणारी. पाठच. मनुवैनींनी माझं मनगट धरलं. पाठ नाचत नाचत पुढे गेली, पुन्हा मागे आली. ह्यांनी तेव्हा कॅमेऱ्याबरोबरचा मोठा दिवा तिच्यावर रोखला असणार, कारण एकाएकी सगळं पांढरं झालं आणि माणूस वळला. घामाने भिजलेला, डोळे बारीक केलेले, पुढचा एक दात किंचित आडवा.

"ए धाकू! लाइट हटव, तोंड भाजतंय माझा!"

"हाच," मनुवैनी म्हणाल्या. "हाच गो. दात बघ."

त्या उठल्या. कोणाला काही न विचारता त्यांनी टेबलफॅन उचलला, आणि पडद्याकडे तोंड करून, भाऊंच्या तोंडावर वारा लागेल असा ठेवला.

मी पदर पुन्हा ज्योतीभोवती धरला.