महाराजांचा सिद्ध पेनड्राइव्ह

वरदच्या टेबलाभोवती अख्खं ऑफिस जमलं होतं. त्याच्या स्क्रीनवर प्रोग्रामच्या ओळी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे थरथरत होत्या, अंगात आल्यासारख्या. फाइल सेव्ह केली की सुरू! सगळ्यांच्याच मशीनवर तेच. आकुर्डीतली आमची कंपनी चाकणच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवते. मालक अनंत सर स्वतः इंजिनिअर, आणि त्यांनी बोलावलं कुणाला? रहाटणीच्या यंत्रशुद्धीवाल्या ज्योतीराम महाराजांना!

महाराजांनी डोळे मिटले. "अलीकडे नवीन काय आलं इथं?"

"हिरकणी कक्ष," कुणीतरी पुटपुटलं.

बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावर मी भांडून मिळवलेली ती खोली. माझ्या तान्ह्या सुखदासाठी मी तिथं दूध काढून ठेवते. खोली गेली, तर बाळाचं दूध तरी सोडायचं, नाहीतर नोकरी तरी.

"तेच!" महाराज गरजले. "दुधाच्या ओलाव्यानं यंत्राच्या लहरी नासतात. कुलूप घाला."

"आणि कँटीनमधल्या चहाचं दूध?" मी विचारलं.

"म्हशीच्या लहरी वेगळ्या असतात, ताई."

एकही जण हसला नाही. माना डोलावल्या!

मग चमत्कार. कुंकू लावलेला 'सिद्ध' पेनड्राइव्ह झोळीतून निघाला. महाराजांनी वरदचं फोल्डर त्यात घेतलं, तिथूनच उघडलं, समोर आलेल्या चौकटीत एक बटण दाबलं आणि फुंकर मारली. सेव्ह केलं. ओळी गप्प! वरदने हात जोडले. अनंत सर कुलूप आणायला उठले.

पण घरात बाळ असलं की समोरच्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायची सवय लागते.

"सर, थांबा. वरद, हा माझा पेनड्राइव्ह घे. बारशाचे फोटो आहेत यात, सिद्धबिद्ध काही नाही. तुझं फोल्डर यात घेऊन उघड, महाराजांनी दाबलं तेच बटण दाब आणि सेव्ह कर."

ओळी गप्प.

"आता महाराजांच्या पेनड्राइव्हवर त्याच चौकटीतलं दुसरं बटण दाब."

ओळी थरथरायला लागल्या. शेजारची उझ्मा फिसकन हसली. "महाराज, तुमच्याच पेनड्राइव्हच्या अंगात आलं की हो!"

गंमत साधी होती. नव्या जागेवरून फोल्डर उघडलं की आमचा प्रोग्राम लिहायचा एडिटर विचारतो, 'या फाइलींवर तुमचा विश्वास आहे का?' 'नाही' म्हटलं की तो बरीचशी एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून बसवलेली जोडकामं, बंदच ठेवतो. जगाकडे विश्वास मागणारा हा माणूस स्वतः मात्र 'नाही' दाबत होता.

मग वरदच्या मूळ फोल्डरमध्ये मी निम्मी एक्स्टेन्शन्स बंद केली, उरलेल्यांतली पुन्हा निम्मी, असं करत दोन चोर सापडले. पहिलं एक्स्टेन्शन ओळी उजवीकडे सारून सेव्ह करायचं. त्या सेव्हनं दुसरं जागं व्हायचं, ओळी डावीकडे ओढून पुन्हा सेव्ह करायचं, की पहिलं परत जागं! दुसरं नवीनच होतं. हिरकणी कक्ष उघडला त्याच आठवड्यात वरदने ते सगळ्यांच्या मशीनवर चढवलं होतं.

"अरे देवा, मीच की!" वरदने कान पकडले. ते बंद केलं आणि ओळी जागच्या जागी थांबल्या.

"श्रद्धा नाही तिथं शक्ती थांबत नाही," म्हणत महाराजांनी झोळी उचलली.

मला चीड त्यांची कमी, आमचीच जास्त. चुका शोधायचाच पगार घेणारी आम्ही माणसं! यंत्र बिघडो की घरात आजारपण येवो, कारण शोधण्याआधी दोष द्यायला बाई शोधू नका. एकेक शंका तपासून बघा. आणि कुणी डोळे मिटायला सांगितले, तर तेव्हाच ते नीट उघडा.