डागवैद्यांच्या घरची मासोळी

"स्वतःच्या घरात माणसाला संडासाचं दारसुद्धा उघडता येऊ नये म्हणजे कमाल झाली," नवरा सूनबाईच्या कानाशी पुटपुटला. दाराच्या कडीशी त्याची झटापट चालली होती आणि कडी बोटांतून सुळकन निसटत होती. "कडीला मलम. नळाला मलम. काल गाडीचा गिअर टाकायला गेलो तर हात थेट मागच्या सीटवर."

"हळू बोल," सूनबाई म्हणाली, "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा." आणि तिने ओढणीच्या टोकाने कडी धरून दार उघडून दिलं. या घरात कडी कशी धरायची याचं तंत्र एव्हाना तिला चांगलंच जमलं होतं.

घर वरच्या मजल्यावर, खाली लाँड्री. गिऱ्हाइकं तिला सूनबाई म्हणत, कारण काउंटरवर ती उभी राही आणि मागून सासरे हाक मारत, "सूनबाई, पडदे कुणाचे गं?" डोळा लागला होता तो तिच्या लेकीचा, आता कुठे आधाराशिवाय बसायला लागलेल्या जिवाचा. तिला सगळे मासोळी म्हणत. एक तर मलम चोपडलं की ती हातात राहत नसे. दुसरं म्हणजे कोपरांच्या आतून, गुडघ्यांमागून, गालांवरून तिची कातडी अशी खरखरीत, लाल आणि खवलेदार व्हायची, की नाव हसत ठेवलं असलं तरी ते उच्चारताना सूनबाईचं हसू मावळायचं. खाज सुटली की पोर स्वतःला ओरबाडायची. नखं कितीही बारीक कापा, ती गाल उशीवर घासायची, पाय पायावर घासायची, आणि रडता रडता इतकी दमायची की रडणंसुद्धा अर्धवट सोडून द्यायची. ते अर्धवट रडणं आईला ऐकवत नसे.

म्हणून तिघं मिळून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तिघं म्हणजे सूनबाई, नवरा आणि सासूबाई. सासरे आले नाहीत, हॉटेलच्या चादरी मशीनमध्ये होत्या. डॉक्टरीणबाई तरुण, चटपटीत. मासोळीच्या पोटाला हात लावून म्हणाल्या, "एक्झिमा आहे. पुष्कळ बाळांना असतो. तुमचं काही चुकलेलं नाही, कुणाची नजर लागलेली नाही." मग त्यांनी भराभर सांगितलं. आंघोळ कोमट पाण्याची आणि झटपट. अंग टिपायचं, पुसायचं नाही. ओलसर असतानाच पांढरं मलम लावायचं, आणि कंजुषी करायची नाही, भिंतीला गिलावा करतात तसं लावायचं. छोट्या ट्यूबमधलं औषध फक्त लाल झालेल्या जागी, सांगितलं तितके दिवस, भीतीपोटी मधेच सोडायचं नाही. सगळे माना डोलवत होते.

"आणि कपडे कशात धुता?"

नवऱ्याला एकदम छतावरचा पंखा आवडला. सासूबाईंनी पर्सची चेन उघडली, आत पाहिलं, बंद केली.

"घरीच," सूनबाई म्हणाली.

"घरी, पण कशात?"

"पाण्यात," नवरा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्यांनी मासोळीचा फ्रॉक नाकाशी नेला, आणि त्यांच्या भुवया वर चढल्या. "हा वास कसला? वासाचं जे काही असेल ते आधी बंद करा. वासाचा साबण, वासाचं पाणी, सगळं. बिनवासाची पावडर घ्या, थोडीच घाला आणि कपडे दोनदा खळबळा."

"अगं बाई," सासूबाईंच्या तोंडून निसटलं.

आता त्या वासाचं सांगायला हवं. सासऱ्यांना सगळी गल्ली डागवैद्य म्हणे. शाईचा डाग, गंजाचा डाग, वंगणाचा डाग, त्यांच्यासमोर कुठल्याच डागाचं काही चालत नसे. पण त्यांची खरी ओळख होती गुलाबी. गुलाबी म्हणजे शेवटच्या खळबळणीत घालायचं, त्यांनी स्वतः जमवलेलं एक सुवासिक पाणी. मागच्या खोलीत दार लावून ते कालवत. त्यात काय काय असे ते बायकोलाही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडून परत आलेला पडदा लावला की लोक पडद्यात तोंड खुपसून उभे राहत. दुसऱ्या लाँड्र्या कपडे धुतात, डागवैद्य कपड्यांना जीव लावतात, असं ते स्वतःच सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

मासोळीचे कपडे ते कुणालाही धुऊ देत नसत. वेगळी बादली, वेगळी दोरी. आणि गुलाबी दुप्पट.

परतताना गाडीत मागे चादरींचे गठ्ठे होते आणि गाडीभर तोच वास. तिघांनी आपापल्या बाजूच्या काचा खाली केल्या.

"तू सांग," शेवटी सूनबाई म्हणाली. "तुझे वडील आहेत."

"माझं ऐकतात का ते? तू लाडकी आहेस, तू सांग."

"आई, तुम्हीच सांगा ना."

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, त्या माणसाला तो घोरतो हेसुद्धा मी अजून सांगितलेलं नाही!"

सूनबाई खरोखरच लाडकी होती, आणि अडचण तीच होती. नवी नवी आली तेव्हा तिने कुणाच्यातरी लग्नाच्या कोटावर इस्त्री ठेवली आणि गप्पा मारत बसली. कोटाच्या पाठीवर इस्त्रीचं चित्र उमटलं. सासऱ्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "माझ्या हातून झालं," आणि घरात त्याचा पुन्हा उल्लेख केला नाही. अशा माणसाला तोंडावर काय सांगायचं?

दारात सासरे उभेच होते. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

तिघांनी एकाच वेळी सगळं सांगितलं, फक्त ते एक सोडून. आणि सांगायचं टाळलेली जागा रिकामी दिसू नये म्हणून त्या जागी जे सुचेल ते भरलं. "धूळ नको म्हणाल्या," सासूबाई म्हणाल्या. "लोकर नको," सूनबाई म्हणाली. "मिशा नकोत," नवरा म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"मिशा?"

"टोचतात. पापी घेताना."

झालं! दुसऱ्या दिवशी त्याला मिशी काढावी लागली. त्याच्या वरच्या ओठाला आजवर ऊन लागलेलं नव्हतं, त्यामुळे तो कुणीतरी खोडरबराने पुसल्यासारखा दिसू लागला, आणि मासोळी त्याला पाहून भोकाड पसरू लागली. सासूबाईंची लोकरी शाल कपाटात गेली, गालिचा गुंडाळून माळ्यावर गेला. शेजारच्या मांजराला बंदी झाली. ते बिचारं खिडकीबाहेर बसून आपण काय केलं याचा विचार करत राही.

"आणि मी काय करू?" सासरे रोज विचारत.

"तुम्ही काही करू नका, बाबा," सगळे एका सुरात म्हणत.

तर सासऱ्यांना वाटलं, आपल्याला वगळताहेत. मग त्यांनी आपल्याला जे येतं ते दुप्पट करायला घेतलं. मलमाने कपडे तेलकट होत, हे त्यांच्या तज्ज्ञ नजरेतून सुटणार थोडंच! "मलम लावा बिनधास्त," ते म्हणाले, "डाग माझ्याकडे." मलम वाढलं तशी पावडर वाढली. पावडर वाढली तसं पाणी उकळतं झालं. आणि पावडरचा दर्प जावा म्हणून गुलाबीही वाढलं. त्याने खाज वाढली. खाज वाढली म्हणून मलम वाढलं. वर सूनबाई गिलावा करतेय आणि खाली सासरे तो खरवडून काढताहेत, असं ते चक्र गरगर फिरत होतं. मध्ये फिरत होती मासोळी.

शेवटी सूनबाईने बंड केलं. उघड करायची छाती नव्हती, म्हणून न्हाणीघरात केलं. बिनवासाची पावडर तिने पिठाच्या डब्यात लपवून आणली. एवढ्या मोठ्या लाँड्रीचं घर, खाली तीन मशिनं, दोन वाफेच्या इस्त्र्या, आणि वर ही बाई बादलीत चोरून फ्रॉक धुतेय! पिळायची सवय नाही, खळबळायचं ध्यानात राहत नाही. सासूबाई जिन्यात पहाऱ्याला. सासऱ्यांची चाहूल लागली की त्या खोकत, आणि सूनबाई ओले फ्रॉक उशीखाली, फ्रिजमागे, जमेल तिथे कोंबे. एकदा सासूबाईंनी घाईत ओला लंगोट पदराआड कमरेला खोचला आणि तशाच जिन्यात उभ्या राहिल्या.

"अगं, तुला एवढा घाम कशाने आलाय?" सासऱ्यांनी विचारलं. "आणि तोही एकाच बाजूला?"

"वय झालं," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने वाळवायचं काम घेतलं. गाडीच्या आरशाला फ्रॉक बांधून तो हॉटेलांना चादरी पोचवून येई. फ्रॉक वाळत, आणि चौकातले लोक हात हलवत.

पण मासोळी हसायला लागली! हळूहळू गुडघ्यांमागची लाली फिकट झाली. मलम अंगावर टिकू लागलं, ट्यूबमधलं औषध आपलं काम करू लागलं. एका दुपारी ती झोपली ती झोपलीच. सूनबाई चारदा जाऊन तिच्या नाकाशी बोट धरून आली. पोर उठली तेव्हा तिच्या गालावर नवा ओरखडा नव्हता. उशीची घडी तेवढी उमटली होती. त्या घडीचा सूनबाईने मुका घेतला, मग मिशी नसलेल्या नवऱ्याचा घेतला, आणि दोघं विनाकारण खोलीभर नाचली.

"बघितलंत?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता कुणाला काही सांगायला नको. असंच चालवू."

"किती दिवस, आई?"

"पोरगी मोठी होईपर्यंत. मग ती सांगेल."

पण डागवैद्यांना डाग दिसतो, तसा डागाचा अभावही दिसतो. वेगळी बादली रिकामी होती, वेगळी दोरी ओकीबोकी. त्या दिवशी दुकान अर्ध्यावर टाकून ते वर आले, आणि त्यांच्या हाती लागला उशीखालचा एक फ्रॉक. त्यांनी तो उजेडात धरला. कडक, करडा, गळ्याशी तेलाचं वर्तुळ. हुंगला. कसलाच वास नाही.

"हे कुणी धुतलं?" त्यांचा आवाज इतका खाली गेला की सगळे जागच्या जागी थिजले. "पलीकडच्या गल्लीतल्या त्या नव्या लाँड्रीत देता काय? माझ्या नातीचे कपडे?"

"छे, बाबा! कसली लाँड्री?"

"मग हे काय आहे? धुलाई आहे ही? एवढंच होतं, मला हातात घेता येत नाही तिला, हे एवढंच..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांचे हात सगळ्यांनाच ठाऊक होते. उभी हयात साबणात गेलेली, बोटांच्या पेरांना भेगा, तळवे पत्र्यासारखे. मासोळीला टोचेल म्हणून ते तिला कधी उचलून घेत नसत, नुसते समोर बसून टाळ्या वाजवत. सूनबाईला वाटलं, आत्ता सांगावं. तेवढ्यात नवरा म्हणाला, "मीच धुतला, बाबा. शिकतोय," आणि ती वेळ गेली.

"अरे, मग माझ्याकडून शीक ना!" सासऱ्यांचा चेहरा एकदम उजळला. "थांबा. आता बघाच."

त्यांनी मासोळीचा होता नव्हता तेवढा कपडा गोळा केला. फ्रॉक, लंगोट, टोपरी, चादर, खिडकीचा पडदासुद्धा. पोर मलमाच्या थरात तशीच उघडी राहिली आणि पलंगावर स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत बसली. खालून मशीनची घरघर आली. मागच्या खोलीचं दार लागलं. आणि जिन्यातून, फटींतून, फरशीतूनही वास वर चढू लागला.

"तिप्पट घातलं असणार," सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या. "असं करू. घालू एक फ्रॉक. ते खाली गेले की काढू."

"आणि रोज असंच करायचं?"

"मी खोकेन की."

सासरे वर आले ते छातीपासून हनुवटीपर्यंत घड्यांचा मनोरा घेऊन. गुलाबी वाफ अजून निघत होती. चेहरा असा, की जणू पदकच मिळालंय. मनोरा ठेवून त्यांनी वरचा पिवळा फ्रॉक दोन बोटांत उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "आज मी घालतो तिला. कपड्यावरून धरलं तर नाही टोचायचं."

"वा! बाबा, चहा घेता?" नवरा ओरडला.

"अहो, खाली गिऱ्हाईक आलंय!" सासूबाई म्हणाल्या, आणि सवयीने खोकल्या.

"येऊ दे," सासरे म्हणाले. फ्रॉकचा गळा उघडून धरून ते मासोळीपुढे गुडघ्यांवर बसले. मासोळीने अंगठा सोडला, दोन्ही हात वर केले, आणि खदखदून हसली. तिच्या काखा, कोपरं, गुडघ्यांमागच्या घड्या, सगळं कसं गुळगुळीत, कोरं दिसत होतं.

सूनबाई पुढे झाली. तिने सासऱ्यांच्या हातातला फ्रॉक काढून घेतला, मासोळीला उचललं आणि तशीच उघडी, मलमाने लडबडलेली, त्यांच्या भेगाळलेल्या हातांत ठेवली. ते घाबरून "अगं, अगं" करत राहिले. पोर निसटू नये म्हणून त्यांना तिला घट्ट धरावंच लागलं.

"हात नाही टोचत तिला, बाबा," सूनबाई म्हणाली. "गुलाबी टोचतं. तुमच्या गुलाबीनंच तिला खाज सुटते."