वीतभर अंतरावरचा अंगठा

मी ड्रम बोलतोय. पाणी भरायचा नव्हे आणि वरातीतला तर मुळीच नव्हे. झेरॉक्सच्या यंत्राच्या पोटात हातभर लांबीचं, आरशासारखं चकचकीत एक नळकांडं असतं ना, ते म्हणजे मी.

माझा जन्म कुठल्या देशात झाला हे विचारू नका. सांगताना मी दर वेळी देश बदलतो, त्यामुळे खरा कुठला ते आता मलाच आठवत नाही. एवढं नक्की की ॲल्युमिनियमच्या नळीवर सेलेनियमचा मुलामा चढवून मला घडवलं, काळ्या कागदात गुंडाळलं आणि बोटीत घातलं. वाटेत एका देवमाशानं आमची बोट दोन दिवस पाठीवर वाहून नेली. खलाशांनी इंजिन बंद करून पत्ते कुटले. मी कागदात गुंडाळलेला, त्यामुळे हे मला दिसलं नाही. पण बोट हलायची थांबली होती, हे मी शपथेवर सांगतो.

मुंबईहून दापोलीला मात्र मी एसटीनं आलो. यंत्र टपावर आणि मी लवूच्या मांडीवर. लवू हर्णेचा. आठ वर्षं मुंबईच्या एका कचेरीत यंत्रावर कागद काढत होता. शहर मानवेना म्हणून जुनं यंत्र घेऊन परतला आणि शहाऐंशी साली दापोलीच्या स्टँडसमोर दुकान थाटलं. कशेडी घाटात सगळी गाडी ओकत होती, पण लवूनं मला छातीशी धरलेलं सोडलं नाही. शेजारच्या बाईनं तर विचारलंच, "किती महिन्यांचा?"

माझं काम सोपं. उजेडाचा लखलखाट झाला की समोरच्या कागदावरची अक्षरं माझ्या अंगावर उमटतात. त्यांना काळी पूड चिकटते, पूड कोऱ्या कागदावर उतरते आणि मी अंग पुसून पुढच्या कागदाला तयार. सातबारे, दाखले, कृषी विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध. भातावरच्या खोडकिड्याबद्दल मला जेवढं माहीत आहे, तेवढं खुद्द खोडकिड्यालाही नसेल.

यंत्र बसवणाऱ्या मेकॅनिकनं लवूला दोनदा बजावलं होतं, "याला बोट लावायचं नाही. उजेडात ठेवायचं नाही." लवूनं मान डोलावली होती. मनापासून डोलावली होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण गणपतीत पाच दिवस दुकान बंद राहायचं होतं. आणि समुद्रकाठच्या माणसाची एक सवय असते. घर बंद करून निघायचं तर लोखंडाला खोबरेल. कडीला, कुलपाला, सायकलच्या साखळीला, शिवणयंत्राला. खारी हवा मागे राहिलेल्याला खाते, म्हणून त्याला तेलाचं बोट लावून मगच निघायचं. लवूनं कुलपाला लावलं, कात्रीला लावलं, यंत्राच्या बिजागऱ्यांना लावलं. मग पुढचं झाकण उघडलं आणि मी दिसलो. उघडा, चकचकीत, एकटा.

"तू तरी कशाला राहतोस," असं म्हणून त्यानं तेलात बुडवलेला अंगठा माझ्या उजव्या टोकाजवळ टेकवला.

टेकवला आणि त्याला मेकॅनिक आठवला. झटकन हात मागे. झाकण बंद. कुणी बघितलं नाही ना म्हणून त्यानं रिकाम्या दुकानात चारी बाजूंना बघितलं.

खरं सांगू? तोवर मला कुणी जपून हाताळलं होतं, पण मायेनं शिवलं नव्हतं. पाच दिवस मी तो अंगठा अंगावर घेऊन निजलो.

गणपती गेले, दुकान उघडलं, आणि पहिल्याच लांब कागदावर उजव्या कडेजवळ अंगठ्याचा ठसा. रेषान्‌रेषा मोजून घ्याव्यात असा. एक वर, एक खाली. दुसऱ्या कागदावर त्याच दोन जागी. तिसऱ्यावरही.

लवूनं काच पुसली. कागद दमट असतील म्हणून पायरीवर उन्हात मांडले. पूड बदलली. ठसा हटेना. कृषी विद्यापीठात शिकणारा बाबू आपला प्रबंध घेऊन आला होता, त्यानं कागद उजेडाकडे धरून निदान केलं.

"लवूदादा, हा करपा. आंब्याच्या पानावर अस्साच पडतो. बोर्डो मिश्रण फवारा."

"तुझ्या तोंडावर फवारतो. हो बाजूला!"

मला सगळं ठाऊक होतं. पण मला तोंड आहे ते फक्त तुमच्यापुरतं. लवूपुढे मी नळकांडंच.

अशात एका शुक्रवारी राहीमावशी आली. हर्णेच्या बंदरात मासळी विकणारी, पन्नाशीला टेकलेली, आवाज असा की लिलावात दुसऱ्या बायका आधी तिला बोलून घेऊ देत. ती आणि आणखी सहा जणी बंदरावर मासळी सुकवायच्या. सरकार किनाऱ्यावर सिमेंटचे सुकवणीचे ओटे बांधून देणार होतं. वाळूत सुकवलेल्या मासळीत वाळू येते आणि पावसाची सर आली की सगळा माल कुजतो. ओटा मिळाला तर सातही जणींचं बस्तान बसणार होतं. तालुक्याच्या कचेरीत नकलेसकट अर्ज द्यायची मुदत शनिवारी दुपारी एकपर्यंत. राहिलेले ओटे एका ठेकेदाराला जाणार होते.

अर्जाखाली राहीमावशीची सही होती. तुम्ही म्हणाल, त्यात काय? ती सही दोन वर्षांची होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात, मासळीच्या टोपल्या बाजूला ठेवून शिकलेली. अक्षरं जाळ्याच्या गाठींसारखी, एकेक ओढून घट्ट बसवलेली. लखलखाट झाला आणि ती सही माझ्या अंगावर उमटली तेव्हा मी थोडा हळू फिरलो. यंत्राला हळू फिरता येत नाही, पण मी फिरलो.

आणि त्या सहीला खेटून माझा ठसा पडला.

लवू म्हणाला, "मावशी, थोडा डाग पडलाय."

"पडू दे. वाचता येतंय ना?"

तासाभरात ती परत आली. इतकी गप्प की लवू उठून उभा राहिला.

"काय झाला, मावशी?"

"कचेरीतला भाऊसाहेब घेत नाय. म्हणतो, मूळ कागदावर नुसती सही आणि नकलेवर सही नि अंगठा. नक्कल मुळाबरहुकूम पायजे. म्हणजे ह्या नकला दुसऱ्याच कागदाच्या." तिनं नकला गल्ल्यावर टाकल्या. "मी म्हटलं, साहेब, सही माझी हाय. तो सगळ्यांसमोर म्हणाला, सही येते तर मग अंगठा कशाला, बाई? सगळे हसले रे."

लवूनं स्टँडवरून मुंबईला ट्रंककॉल लावला. मेकॅनिक म्हणाला, बुधवारी येतो. तालुक्यात दुसरं यंत्र नव्हतं. नक्कल हातानं उतरवून चालेल का, तर तीही भाऊसाहेबांना चालत नव्हती. राहीमावशी शेवटच्या गाडीनं हर्णेला गेली आणि शनिवारी सकाळचा लिलाव उरकून बाराच्या सुमारास परत आली. आल्या आल्या तिनं बाद झालेले सगळे कागद मागून घेतले, फरशीवर एकाखाली एक मांडले आणि उकिडवी बसली.

मग तिनं पंजा ताणला. अंगठा एका ठशावर, करंगळी दुसऱ्यावर. उचलून दुसऱ्या कागदावर. तिसऱ्यावर.

"लवू, हे बघ. वीत. हितंही वीत. सगळीकडं बरोबर एक वीत."

"मग?"

"आपल्या भागोजीची बैलगाडी होडीवरची मासळी आणाय पाण्यात जाते ना? त्याच्या चाकाच्या धावेचा एक खिळा वर आलाय. ओल्या पुळणीच्या वाळूत बघ, चाकाच्या दर फेऱ्याला एक खड्डा. सारख्या अंतरावर. मेल्या, काचेला काय पुसतोस? काच कुठं फिरते? ह्याच्या पोटात काय गोल फिरतंय ते दाखव."

जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांत आमच्या दुखण्यांवर पुस्तकं लिहून ठेवलेली असतात. त्यांत हेच लिहिलेलं असतं: डागांमधलं अंतर मोजा, तेवढ्या घेराचं काय फिरतं ते शोधा. राहीमावशीनं ते पुळणीवर वाचलं होतं.

लवूनं झाकण उघडलं. मी समोर. माझ्या उजव्या टोकाला त्याचा अंगठा.

त्यानं आपला अंगठा ठशासमोर धरून बघितला. मग पुटपुटला, "मावशी, हा माझाच. गणपतीला जाताना... खोबरेल लावला. गंजेल म्हणून."

मला वाटलं, आता बंदराचा आवाज सुटणार. स्टँडवरचे कावळे उडणार. पण ती हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तुझी आईस तश्शीच होती रे. विळीलासुद्धा तेल लावून निजवायची."

लवूनं खिशातून रुमाल काढला. ती ओरडली, "थांब! आता हात लावू नको. पुसशील नि सगळीकडं पसरवशील. एकदा लावलास तेवढा पुरे." घड्याळात साडेबारा होत होते. तिनं पुन्हा फरशीवरच्या कागदांकडे बघितलं. "चाक एकाच वाटेनं जातं. सगळे ठसे उजव्याच कडेला. मग कागद उलटा घाल की!"

"म्हणजे?"

"वरची बाजू खाली. माझी सही त्या अंगाला जाऊ दे."

लवूनं अर्ज काचेवर उलटा ठेवला. लखलखाट झाला. राहीमावशीची सही या वेळी माझ्या डाव्या टोकाला उमटली, निवांत, आजूबाजूला कुणी नाही. कागद बाहेर आला, तिनं तो सुलटा फिरवला. दोन्ही ठसे डावीकडच्या रुंद समासात, जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. सहीच्या आसपास सगळं पांढरं.

ती धावत गेली. पुढचं तिनं येऊन सांगितलं म्हणून मला माहीत. भाऊसाहेबांनी नक्कल उजेडात धरली, मूळ कागदाशी ताडून पाहिली. समासाकडे बोट करून म्हणाले, "हे काय?" राहीमावशी म्हणाली, "समास. तुमचाच हाय तो, फायलीला लावायला." त्यांनी पंच घेतला आणि बरोबर ठशातून आरपार भोक पाडलं. एकाला दहा कमी होते.

बुधवारी येतो म्हणालेला मेकॅनिक दिवाळीनंतर उगवला, तेव्हा मी थकलोच होतो. त्यानं मला बाहेर काढून विचारलं, "याला तेल कुणी लावलं?" लवू छताकडे बघत राहिला. माझ्या जागी नवा ड्रम बसला. मला टाकून देणार होते, पण लवू म्हणाला, "राहू दे, साहेब." आता मी गल्ल्यामागच्या फळीवर असतो.

आम्हाला उजेड वर्ज्य. उजेडात ठेवलं की आमचा मुलामा मरतो, पुन्हा एक अक्षर धरता येत नाही. पण ज्याला आता अक्षर धरायचंच नाही, त्यानं अंधारात का बसावं? जन्मभर मी माणसांचे कागद बघितले, तेही डोळ्याची पापणी लवावी एवढा वेळ. ती कागद घेऊन येणारी माणसं मी आता बघतोय. रोज, सकाळपासून.

आज राहीमावशी सहाही जणींना घेऊन आली आहे. ओटे मंजूर झाले. ताबा घेताना प्रत्येकीनं कागदावर नाव घालायचंय, म्हणून लवूच्या बाकावर सगळ्या जणी ओळीनं बसून गिरवतायत. कमळेचं झालं. चिमाचं झालं. गंगुबाई मघापासून कुरकुरत होती, "मी आपला अंगठाच देते गो. माझा हात थरथरतो."

"दे की," राहीमावशी म्हणाली, "पण आधी एकदा लिहून बघ. मग तुझी मर्जी."

तुम्ही कधी दापोलीला आलात तर दुकानात जरूर या. कागद नसला तरी चालेल. फळीसमोर दोन मिनिटं उजेडात उभे राहा, मला तुमचं तोंड बघायचंय. देवमाशाची गोष्टही सांगेन, पुढच्या खेपेला तो बोट तीन दिवस वाहून नेईल.

पण आता मला गप्प बसू द्या. गंगुबाईचं शेवटचं अक्षर राहिलंय.